झीकमध्ये काय शिल्लक होतं

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या २०२२च्या हंगामात डॅलस काउबॉइज या संघाकडे दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे गडी, होते आणि हंगाम संपला तेव्हा दोघांच्याही नावावर बरोबर बारा-बारा टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) होते. टोनी पोलार्डने १९३ वेळा चेंडू घेऊन धावत १,००७ यार्ड काढले, सरासरी ५.२. एझिकिएल एलियटने, म्हणजे सगळ्या डॅलसच्या झीकने, २३१ वेळा धावत ८७६ यार्ड काढले, सरासरी ३.८. पुढच्या मार्चमध्ये काउबॉइजनी पोलार्डला एका वर्षासाठी एक कोटी डॉलरहून थोडं जास्त देऊन ठेवून घेतलं आणि झीकला नारळ दिला. तेव्हा झीक सत्तावीस वर्षांचा होता.

३.८ विरुद्ध ५.२ हे आकडे पाहून बहुतेकांनी निकाल लावून टाकला: पाय गेले, माणूस संपला. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लॅनो पट्ट्यात आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि काउबॉइजचं मुख्यालयही फ्रिस्कोतच आहे, तेव्हा हा वाद मराठीतूनही रंगला असणारच. माझं मत ‘संपला’ म्हणणाऱ्यांना आणि ‘ठेवायला हवा होता’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही न पटणारं आहे. झीकमध्ये अजून बरंच शिल्लक होतं, त्यातलं बरंचसं त्या सरासरीत दिसतच नव्हतं, आणि तरीही त्याला त्या पगारावर ठेवणं वेडेपणाच ठरला असता.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. या प्रयत्नांना डाऊन म्हणतात. दहा झाले की नवे चार मिळतात. पुढे पाच लाइनमन (मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड) रेटारेटी करतात, मागे क्वार्टरबॅक एकतर चेंडू फेकतो नाहीतर शेजारच्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो, आणि तो बॅक शंभर ते दीडशे किलोच्या माणसांच्या घोळक्यात शिरतो. अशा एका धावेला कॅरी म्हणतात. मुख्य बॅक हंगामात अडीचशे-तीनशे कॅरी करतो, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी कोणीतरी त्याला जमिनीवर आपटतं. या जागेवरचा माणूस बाकी सगळ्यांच्या आधी म्हातारा होतो तो यामुळे.

सगळ्यात आधी जातात ती वळल्यानंतरची पहिली तीन पावलं.

इनसाइड झोन नावाचा अगदी रोजचा खेळ घ्या. पाचही लाइनमन एकाच दिशेला पाऊल टाकतात. बॅक चेंडू घेऊन त्यांच्या पाठीला लागतो, गार्डच्या मागूनच घुसणार असा आव आणत दोन-तीन पावलं सरळ जातो. समोरच्या लाइनबॅकरने (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या गड्याने) त्या फटीकडे वजन टाकावं, एवढ्याचसाठी ही पावलं असतात. त्याने वजन टाकलं की बॅक पाय रोवून एकदाच वळतो आणि बाजूला उघडलेल्या दुसऱ्या फटीतून निघतो. ती फट अर्धा सेकंद उघडी राहिली तरी खूप. बाविशीतला बॅक तिच्यातून सुटून लाइनबॅकरला मागे टाकतो. सहा-सात हंगाम खेळलेल्यालाही ती फट त्याच क्षणी दिसते, खरं तर जरा आधीच दिसते, कारण नजर मुरलेली असते. पण पाय रोवून पुन्हा वेग धरेपर्यंत लाइनबॅकरचा हात कमरेला लागलेला असतो. जिथे पूर्वी चौदा यार्ड झाले असते तिथे चार होतात.

बाहेरच्या बाजूने धावण्याच्या खेळांत, म्हणजे आउटसाइड झोनमध्ये, हे अजून उघडं पडतं. तिथे कडेपर्यंत पोचण्याची शर्यतच असते आणि ती हरली की बॅक साइडलाइनला चिकटून दोन यार्डांवर संपतो. म्हणून उताराला लागलेल्या बॅकच्या हिशेबातून आधी गळतात त्या वीस-तीस यार्डांच्या धावा. तीन-चार यार्डांच्या तशाच राहतात, कारण त्या वजनाच्या, खांदा खाली घालण्याच्या आणि पडताना पुढे पडण्याच्या असतात.

एलियटचे आकडे याच वळणाने गेलेत. २०१६ ते २०१९ या चार हंगामांत १,१६९ कॅरी आणि ५,४०५ यार्ड, म्हणजे सरासरी ४.६, या काळात दोनदा तो साऱ्या लीगमध्ये पहिला होता. पुढच्या तीन हंगामांत ७१२ कॅरी आणि २,८५७ यार्ड, सरासरी ४.०. २०२१मध्ये गुडघ्यातला मागचा लिगामेंट अर्धवट फाटलेला असताना तो सतराच्या सतरा सामने खेळला. या गोष्टीचं फार कौतुक झालं. मला ते कौतुक करवत नाही. त्याच वर्षी पोलार्ड बाकावरून येऊन कॅरीमागे साडेपाच यार्ड काढत होता. दुखऱ्या पायाच्या माणसाला २३७ कॅरी देण्यात धैर्य खेळाडूचं होतं, आणि हट्ट ज्याने ते दिले त्याचा.

आता त्या ३.८कडे वळू, कारण या आकड्यात एक खोट आहे. सरासरीला प्रत्येक कॅरी सारखीच वाटते. पण एंड झोनपासून (टचडाऊनसाठी गाठायच्या पट्टीपासून) एका यार्डावर चेंडू असेल तर बॅक कितीही थोर असो, त्याला जास्तीत जास्त एकच यार्ड मिळणार. अशा दहा कॅरींत दहा टचडाऊन केले तरी त्या दहांची सरासरी एक. तिसरा डाऊन आणि एक यार्ड बाकी, तेव्हाही तेच: बचाव करणारे आठ-नऊ जण पुढे दाटीने उभे, दोन यार्ड काढले तर काम फत्ते, पण सरासरी खाली. २०२२मध्ये काउबॉइज ही कामं मुख्यतः झीककडून करून घेत होते. समजा त्याच्या २३१पैकी २५ कॅरी अशा कोंडीतल्या होत्या आणि त्यांत त्याने ४० यार्ड काढले. त्या बाजूला केल्या तर उरलेल्या २०६ कॅरींची सरासरी ४.०६ होते. पोलार्डच्या ५.२पर्यंत ती तरीही पोचत नाही. लाइन तीच, हंगाम तोच, क्वार्टरबॅक तोच, तेव्हा उरलेला फरक पायांचाच. पण हा ‘एका यार्डाचा फरक’ आणि ‘संपलेला माणूस’ यांत बरंच अंतर आहे.

सामान्य प्रेक्षकासाठी सोपं माप एकच सांगतो. पहिल्या डाऊनला गरजेच्या साधारण चाळीस टक्के यार्ड मिळाले, दुसऱ्याला साधारण साठ टक्के, आणि तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, तर ती कॅरी यशस्वी धरायची. मग पहिल्या डाऊनच्या तीन यार्डांना नापास म्हणता येतं आणि तिसऱ्या डाऊनच्या एका यार्डाला पास. म्हाताऱ्या बॅकची किंमत या मापाने पाहिली तर सरासरीहून बरीच वेगळी निघते.

जॉन रिगिन्सचा १९८३चा हंगाम हे याचं जुनं आणि नामी उदाहरण. वॉशिंग्टनचा हा आडदांड बॅक तेव्हा चौतीस वर्षांचा. ३७५ कॅरी, १,३४७ यार्ड, सरासरी जेमतेम ३.६. आणि टचडाऊन किती? चोवीस. त्या वर्षी वॉशिंग्टनने १४ सामने जिंकले, २ हरले आणि ५४१ गुण केले. तोवर कोणत्याच संघाने एका हंगामात एवढे केले नव्हते. जो गिब्ज हे प्रशिक्षक काय करत होते हे त्यांना पक्कं माहीत होतं: पुढे ‘हॉग्ज’ म्हणून गाजलेली लाइन, मागे वजनदार माणूस, आणि प्रत्येक कॅरीत पुढेच पडायचं. आजच्या हिशेबनिसाने ३.६ पाहून रिगिन्सला शिबिरातच निरोप दिला असता.

शिल्लक मालमत्तेतला दुसरा मोठा भाग तर यार्डांत मोजलाच जात नाही, आणि झीकचं खरं सोनं तिथे होतं: क्वार्टरबॅकचं रक्षण. हे काम नेमकं काय असतं ते जरा जवळून पाहू, कारण तरुण बॅक बाकावर बसतात ते बहुतेक याच्यामुळे.

फेकीचा खेळ ठरला की स्नॅपच्या, म्हणजे सेंटर चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो त्याच्या, आधी सेंटर किंवा क्वार्टरबॅक समोरच्या एका लाइनबॅकरकडे बोट दाखवतो. तो ‘माइक’. त्याच्यावरून ठरतं की पाच लाइनमन कोणाकोणाला घेणार आणि बॅकच्या वाट्याला कोण. बॅककडे बहुधा एकाऐवजी दोन संशयित असतात, एक आतला, एक बाहेरचा, आणि त्यांना पाहायचा क्रम ठरलेला: आतून बाहेर. सेंटर आणि गार्ड यांच्यामधल्या फटीतून येणारा क्वार्टरबॅकपर्यंत सर्वांत जवळच्या वाटेने पोचतो, म्हणून आधी तो. तो आला तर त्याला घ्यायचं आणि बाहेरच्याला सोडून द्यायचं. बाहेरचा लांबून येतो, तेवढ्यात चेंडू सुटलेला असेल अशी आशा. आतला आला नाही तर नजर बाहेरच्यावर. कोणीच आलं नाही तर बॅकने लाइनमधून सटकून छोट्या झेलासाठी मोकळं व्हायचं. चेंडू साधारण अडीच सेकंदांत हातातून सुटतो, म्हणजे हे सगळं वाचायला बॅकला एक सेकंदही नसतो.

वाचून झालं की भिडायचं. तिथे चुका ठरलेल्या आहेत. पहिली, जागेवर टाचांवर उभं राहून वाट पाहणं: लाइनबॅकर पाच यार्डांचा वेग घेऊन येतो आणि बॅकला उचलून क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन ठेवतो. बॅकने पुढे जाऊन लाइनच्या जवळच गाठायचं असतं, त्याचा वेग तयार व्हायच्या आत. दुसरी, डोकं खाली घालणं: डोकं गेलं की नजर जाते, लाइनबॅकर एक पाऊल बाजूला घेतो आणि बॅक हवेला धडक देतो. गुडघे वाकलेले, छाती वर, दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर बगलांच्या आतून, आणि आतल्या बाजूचा पाय आधी रोवलेला, म्हणजे आतली वाट बंद. तिसरी चूक सर्वांत महाग: भूलथाप. लाइनबॅकर पुढे येऊन फटीत उभा राहतो, बॅक त्याच्यावर डोळे लावतो, आणि स्नॅप होताच तो मागे पळतो आणि दुसऱ्याच बाजूने एक कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला उभा असणारा बचावपटू, सुटून येतो. ही थाप ओळखायला पाय लागत नाहीत. शेकडो वेळा ती पाहिलेली असावी लागते.

झीक साधारण १०३ किलोचा, आणि या कामात पहिल्या हंगामापासून वाकबगार. लाइनबॅकरला छातीवर घेऊन जागच्या जागी थांबवणं त्याला मनापासून आवडायचं, असं त्याच्याकडे पाहून वाटे. पोलार्ड वजनाने बराच हलका, पंचाण्णव किलोच्या आतबाहेर. मोठ्या लाइनबॅकरपुढे हलक्या बॅकला मांड्यांवर झेप घेऊन आडवं पाडण्याचा मार्ग राहतो, पण त्यात पहिला नेम चुकला की दुसरी संधी नाही. डॅक प्रेस्कॉटसारख्या क्वार्टरबॅकवर संघाचं सगळं भवितव्य असताना सामन्यात असे चार-पाच स्नॅप नीट निभावणारा माणूस बाळगणं ही चैन नव्हे. गंमत म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात याला एकही रकाना नाही. बॅक हुकला तरच ‘सॅक’ (क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा होणं) दिसतो, तोही कुणा भलत्याच्या नावावर.

चेंडू न सोडणं हीसुद्धा अनुभवाचीच बाब मानली जाते. बोटांची टोकं, तळवा, हाताचा पुढचा भाग, दंड आणि छाती अशा पाच ठिकाणी चेंडू आवळलेला असला पाहिजे, आणि गर्दीत दुसरा हात त्याच्यावर आला पाहिजे. पण इथे वयावर विसंबू नये: २०२०मध्ये झीकच्याच हातून सहा वेळा चेंडू सुटला होता. जास्तीचा यार्ड काढायच्या हट्टात माणूस हात सैल सोडतो, आणि पाय मंदावले की तो हट्ट वाढतो.

संघातला अनुभवी आवाज, ड्रेसिंग रूममधलं वजन वगैरे ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांत मला फारसा दम वाटत नाही. तरुणाला माइक ओळखायला शिकवणं एवढं मात्र खरं. तसंच ‘त्याच्या नावालाच बचाव घाबरतो, मग फेकीचा मार्ग मोकळा होतो’ हेही मला पटत नाही. लाइनबॅकर पुढे झुकतो ते लाइनमनचं पहिलं पाऊल आणि चेंडू दिल्याचा आव पाहून. पाठीवरचं नाव वाचत बसायला त्याला वेळ नसतो.

मुळात ते तरुणपणीचे यार्ड तरी कोणाचे होते? २०१६ला झीक लीगमध्ये आला तेव्हा त्याच्यापुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन अशी लाइन होती. पहिल्याच वर्षी १,६३१ यार्ड. त्यातल्या कितीतरी कॅरींत त्याला पहिला धक्काच चार यार्डांनंतर बसत होता. फ्रेडरिकला गंभीर आजाराने २०१८चा हंगाम गमवावा लागला, २०२०मध्ये त्याने निवृत्ती घेतली. स्मिथच्या दुखापती सुरू झाल्या. लाइन विरली आणि सगळ्यांनी बोट दाखवलं बॅकच्या वयाकडे. सिएटलच्या शॉन अलेक्झांडर या बॅकचं असंच झालं. २००५मध्ये ३७० कॅरी, १,८८० यार्ड, २८ टचडाऊन, लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. सिएटलने आठ वर्षांचा, ६ कोटी २० लाखांचा करार दिला आणि त्याच मार्चमध्ये त्याचा डावा गार्ड स्टीव्ह हचिन्सन मिनेसोटाला जाऊ दिला. पुढच्या वर्षी पाय मोडला आणि ८९६ यार्ड, त्याच्या पुढच्या वर्षी ७१६, मग सुट्टी. पैसे बॅकला द्यायचे की गार्डला, या प्रश्नाचं याहून महागडं उत्तर शोधून सापडणार नाही.

आता पैसे. झीकचा करार सप्टेंबर २०१९चा. तो सरावाला न जाता मेक्सिकोत जाऊन बसला होता, हंगाम तोंडावर आला होता, आणि संघाचे मालक जेरी जोन्स यांनी सहा वर्षांची वाढ दिली: ९ कोटी डॉलर, त्यात ५ कोटी हमीचे. रनिंग बॅकला तोवर एवढं कोणी दिलं नव्हतं. हातात आधीच्या कराराची दोन वर्षं शिल्लक असताना.

लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. २०२३ला ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. खेळाडूला बोनस लगेच मिळतो, पण मर्यादेच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरून दाखवता येतो. पुढे अडचण आली की त्या वर्षाचा पगारही बोनसमध्ये फिरवून पुढच्या वर्षांवर ढकलता येतो. काउबॉइजनी झीकच्या बाबतीत हे केलं होतं. खेळाडूला सोडलं की असा ढकललेला सगळा बोनस हिशेबात उभा राहतो, त्याला डेड मनी म्हणतात. कर्जाने घेतलेली गाडी विकली तरी हप्ते चुकत नाहीत, तसं. एक सवलत आहे: सोडताना ‘१ जूननंतर’ असा शिक्का मारला तर चालू वर्षाचा हिस्सा या वर्षी आणि उरलेला पुढच्या वर्षी लागतो. मात्र मोकळी झालेली रक्कम जून उजाडेपर्यंत वापरता येत नाही, तोवर बाजारातले चांगले खेळाडू गेलेले असतात.

२०२३साठी झीकचा हिशेबातला आकडा होता सुमारे १ कोटी ६७ लाख. त्यातले ५८ लाख जुन्या बोनसचे, म्हणजे ठेवा नाहीतर सोडा, जाणारच. प्रश्न उरला होता १ कोटी ९ लाखांच्या पगाराचा. वाद घालणारे १ कोटी ६७ लाखांवर बोलत होते, आणि इथेच गफलत होत होती. बुडालेले ५८ लाख दोन्ही पारड्यांत सारखेच. विचारायचं ते एवढंच: सामन्यात पंधरा-वीस स्नॅप, त्यांत चार-पाच कोंडीतल्या कॅरी, चार-पाच क्वार्टरबॅकच्या रक्षणाचे, याला १ कोटी ९ लाख द्यायचे का? माझ्या हिशेबाने त्याचे वीस-पंचवीस लाख फार झाले. बाजार जरा उदार निघाला: ऑगस्टमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला एक वर्ष दिलं, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर ६० लाखांपर्यंत जाणारं. तिथे तो १८४ कॅरींत ६४२ यार्ड धावला, सरासरी ३.५, आणि झेल मात्र ५१ घेतले.

जाण्याआधीचा त्याचा शेवटचा खेळ विचित्र होता. २२ जानेवारी २०२३, सान फ्रान्सिस्कोविरुद्धचा बाद फेरीचा सामना, डॅलस १२-१९ ने मागे, घड्याळात काही सेकंद. काउबॉइजनी लाइनमन बाजूला पांगवले आणि सेंटरच्या जागी चक्क झीकला उभं केलं. त्याने चेंडू मागे दिला आणि समोरून आलेल्या लाइनबॅकरने त्याला सपाट केलं. जगभर हसं झालं. ‘रक्षणात चांगला आहे ना, मग सेंटर करू’ हा तर्क कुणाच्या डोक्यातून आला असेल देव जाणे. बॅक धावत जाऊन भिडतो, सेंटरला चेंडू पायांमधून मागे देऊन मग हात वर आणायचे असतात. ही दोन कामं एकाच घरातली नाहीत.

मग पोलार्ड एकटा मुख्य बॅक झाला तेव्हा काय झालं? २०२३मध्ये २५२ कॅरी, १,००५ यार्ड. सरासरी ५.२वरून ४.०, टचडाऊन धावून सहा. झीकच्या बाजूचे लोक लगेच म्हणाले, बघा. थोडं खरं आहे: कोंडीतल्या कॅरी, दमवणारे पहिले डाऊन, सगळं आता त्याच्या अंगावर आलं, आणि निवडक स्नॅपमध्ये फुलणारा बॅक सततच्या कामात सामान्य दिसू लागला. पण त्याच बाद फेरीच्या सामन्यात पोलार्डच्या पायाचं हाड मोडलं होतं, हेही विसरायला नको. आणि मुख्य म्हणजे २०२३मध्ये लीगमध्ये सर्वांत जास्त गुण डॅलसनेच केले. झीकच्या वाट्याचं काम पुरतं भरून निघालं नाही, आणि त्यावाचून फारसं अडलंही नाही.

हे सगळं ऐकून डेरिक हेन्रीचं नाव काढणारे भेटतात. ठीक आहे, काढू. टेनेसीत २०२३मध्ये २८० कॅरी, १,१६७ यार्ड, सरासरी ४.२, वय जवळजवळ तीस, सगळे म्हणाले संपला. बाल्टिमोरने दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख दिले. २०२४मध्ये ३२५ कॅरी, १,९२१ यार्ड, सरासरी ५.९. पाय तेच. बदललं ते शेजारी उभं राहणारं माणूस: क्वार्टरबॅक लामार जॅक्सन स्वतः इतका धावतो की बचावाला एक माणूस कायम त्याच्यासाठी राखून ठेवावा लागतो, आणि हेन्रीसमोरची भिंत एका विटेने कमी होते. पुढे पॅट्रिक रिकार्डसारखा तीनशे पौंडांचा फुलबॅक, म्हणजे बॅकसाठी पुढे वाट काढणारा गडी. सव्वासहा फूट, एकशे दहा किलोहून जास्त वजनाचा हेन्री पहिल्या चार यार्डांत हळू असतो; बाल्टिमोरने त्याला ते चार यार्ड मोकळे करून दिले. आणि काय काढून घेतलं? तिसरे डाऊन. फेकीच्या वेळी बहुधा जस्टिस हिल हा दुसरा बॅक यायचा. म्हणजे हेन्रीकडून धाव घेतली, क्वार्टरबॅकचं रक्षण दुसऱ्यावर सोपवलं. झीकच्या बाबतीत नेमकं उलटं करायला हवं होतं. कोणाचं काय उरलंय हे माणसागणिक वेगळं असतं, वयाचा तक्ता ते सांगत नाही.

लाडेनियन टॉमलिन्सनला सॅन डिएगोने २०१०मध्ये सोडलं तेव्हा त्याची आधीच्या हंगामाची सरासरी ३.३ होती. न्यूयॉर्क जेट्सच्या दणकट लाइनमागे, शॉन ग्रीनबरोबर काम वाटून, त्याने ९१४ यार्ड काढले, सरासरी ४.२, वर ५२ झेल. पण हंगामाच्या उत्तरार्धात तो दमलेला दिसत होता. उताराच्या बॅकच्या कॅरी आठवड्याला मोजून चालत नाही, डिसेंबरपर्यंतच्या मोजाव्या लागतात. सप्टेंबरात वीस दिल्या तर नाताळात दहासुद्धा मिळत नाहीत.

यादीचं गणितही असतं, आणि चाहत्यांच्या बोलण्यात ते कधीच येत नाही. संघात ५३ खेळाडू, त्यातले सामन्याच्या दिवशी फार तर ४८ तयार. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या बॅकने किकच्या वेळी धावून टॅकल करणं अपेक्षित असतं. माजी तारा ते करत नाही, आणि त्याच्याकडून करून घेण्यात अर्थही नाही. म्हणजे त्याला ठेवलं की त्या कामासाठी दुसऱ्या कोणाची तरी जागा खर्ची पडते. २०२४ला डॅलसने झीकला परत आणलं तेव्हा नेमकं हेच ओझं झालं. रिको डाउडल हा दुसरा बॅक २३५ कॅरींत १,०७९ यार्ड काढून पुढे गेला, झीक ७४ कॅरींत २२६ यार्डांवर, सरासरी ३.१ वर अडकला, आणि ३१ डिसेंबरला संघाने त्याला मोकळं केलं. या वेळी कोंडीतल्या कॅरी बाजूला काढूनही हिशेब सुधारला नसता.

ज्याला अशा बॅकशी करार करायचाच आहे त्याने तो मार्चमध्ये करू नये. ऑगस्टपर्यंत थांबावं, सराव शिबिरातल्या एकास-एक कवायतीत, जिथे बॅकने लाइनबॅकरला थोपवायचं असतं आणि मागे क्वार्टरबॅकच्या जागी नुसती खूण ठेवलेली असते, त्याला तरुणांबरोबर उभं करावं. तिथे तो अजून पुढे जाऊन भिडतो की टाचांवर येतो हे दोन दिवसांत कळतं. मग एकच वर्ष, हमी कमीत कमी, बोनस पुढच्या वर्षांवर ढकलायचा नाही, आणि पैशाचा मोठा भाग प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी तयार यादीत असण्यावर बांधलेला. बुधवारचा सराव माफ. सामन्यात दहाच्या आत कॅरी, आणि त्यातल्या निम्म्या तरी दोन यार्डांच्या आतल्या गरजेच्या वेळी.